ग्रामपंचायतीची मतदारयादी व ग्रामशिक्षक

ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली म्हणजे गावात पहिली चर्चा होते ती उमेदवारांची. मतदार कोण, हा प्रश्न सहसा मतदानाच्या दिवशी सकाळीच निघतो. आणि मतदानकेंद्र बहुतेक गावांत शाळेतच असल्यामुळे तो शाळेच्या व्हरांड्यात निघतो. एखादा तरुण हाती आधारपत्र घेऊन येतो, यादीत त्याचे नाव मिळत नाही, व केंद्राध्यक्षांस त्याला परत पाठवावे लागते. त्या घटकेस तहसीलदारही त्याच्यासाठी काही करू शकत नाहीत. मग पुढील निवडणुकीपर्यंत, म्हणजे सामान्यतः पाच वर्षे, गावच्या कारभाराविषयी त्याने कितीही बोलावे, त्याच्या बोलण्याची नोंद मात्र कोठे होत नाही. अशी माणसे गावोगाव आढळतात, आणि त्यांपैकी पुष्कळांची अडचण कोणी वेळेवर दोन शब्द सांगितले असते तर टळली असती. ते दोन शब्द सांगण्यास गावात शिक्षकाइतका सोयीचा मनुष्य दुसरा नाही. यास्तव या विषयाची माहिती थोडी विस्ताराने येथे दिली आहे.

सर्वप्रथम एक समज दूर करावयास पाहिजे. ग्रामपंचायतीची मतदारयादी सरपंच किंवा ग्रामपंचायतीचे कार्यालय तयार करते, असे पुष्कळ ग्रामस्थांस वाटते. गावकरी ज्यांस अजूनही ग्रामसेवक म्हणतात त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे नाव घालण्याची विनंती घेऊन लोक जातात; आणि नाव यादीत आले नाही म्हणजे विरोधी गटाने ते गाळले असा बोभाटा होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात, ज्यास आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम असे म्हणतात, पंचायतीसाठी स्वतंत्र नावनोंदणी सांगितलेलीच नाही. विधानसभेच्या मतदारसंघाची जी यादी त्या वेळी अस्तित्वात असेल तीच घ्यावयाची, तिचे गावच्या प्रभागांप्रमाणे भाग पाडावयाचे, आणि त्या भागांस प्रभागाची मतदारयादी म्हणावयाचे, अशी ही रीत आहे. जिल्हा परिषदेचे गट व पंचायत समितीचे गण यांच्या याद्याही याच मूळ यादीवरून निघतात. घरातील एकाच मोठ्या कणगीतून निरनिराळ्या मापांनी धान्य काढावे, तसा हा प्रकार आहे. कणगीत जे नाही ते कोणत्याच मापात येणार नाही.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट महत्त्वाची आहे. पंचायतीच्या निवडणुका घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली, आणि तिला अनुसरून महाराष्ट्रात १९९४ साली हा आयोग स्थापन झाला. मूळ विधानसभा यादी ठेवण्याचे काम मात्र भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे आहे. पंचायतीची निवडणूक जवळ आली म्हणजे राज्य आयोग एक दिनांक ठरवून देतो. त्या दिनांकास विधानसभा यादीत ज्यांची नावे असतील तेच पंचायतीचे मतदार. पुढे प्रभागांच्या प्रारूप याद्या प्रसिद्ध होतात व हरकती मागविल्या जातात. त्या वेळी लोक नवीन नावे घालावयास धाव घेतात आणि निराश होऊन परततात. या हरकतींत नवीन नाव घालता येत नाही. मूळ यादीत नाव असून ते प्रभागाच्या यादीत उतरवावयाचे राहिले असेल, किंवा एका वस्तीतील घराची नावे चुकून दुसऱ्या प्रभागात गेली असतील, तर तेवढी दुरुस्ती होते. म्हणजे नावनोंदणीचा हंगाम प्रारूप यादीच्या पुष्कळ आधी संपलेला असतो. पेरणी आषाढात होते. भाद्रपदात बियाणे घेऊन शेतावर जाणाऱ्यास लोक काय म्हणतील, हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको.

मूळ यादीत नाव घालण्याची रीत सोपी आहे. अर्जाचे निरनिराळे नमुने ठरलेले आहेत: प्रथमच नाव घालावयाचे असल्यास नमुना ६, कोणाचे नाव कमी करावयाचे वा एखाद्या नावास हरकत घ्यावयाची असल्यास नमुना ७, आणि नावातील चूक दुरुस्त करावयाची अथवा निवास बदलला म्हणून नोंद हलवावयाची असल्यास नमुना ८. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, तहसील कचेरीत किंवा आयोगाच्या संकेतस्थळावर करता येतो. १९५० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारणा करता येते. केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून कित्येक गावी आपले शिक्षकबंधू व भगिनीच काम पाहतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. या कामाविषयी शिक्षकवर्गात जी कुरकुर ऐकू येते ती सर्वस्वी निराधार नाही. तथापि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांस शिक्षणेतर कामे देण्यास मनाई करताना जनगणना व आपत्तिनिवारण यांच्याबरोबर स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकीचे काम अपवाद म्हणून राखून ठेवले आहे, आणि असे काम सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले आहे. काम टळणार नसेल तर ते नीट जाणून केलेले बरे.

अर्जदाराचे वय १८ पूर्ण पाहिजे. पूर्वी ही मर्यादा २१ होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ झाली. वय कोणत्या दिवशी पूर्ण पाहिजे, हा खरा नाजूक भाग होय. पूर्वी वर्षात १ जानेवारी ही एकच तारीख धरीत असत. २०२१ साली कायदा बदलला आणि २०२२ च्या ऑगस्टपासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींस आगाऊ अर्ज देता येतो, व ज्या तिमाहीत त्यांची अठरा वर्षे भरतात तेव्हा नाव यादीत येते. बारावीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांस ही सवलत लागू पडते. आपल्या शाळेतून सातवी-आठवी होऊन गेलेल्या मुलांस ती कळविणे अगत्याचे आहे.

या संदर्भात शाळेच्या जनरल रजिस्टराची आठवण होते. आपल्याकडे कित्येक माणसांची जन्मतारीख १ जून अशी आढळते. मूल शाळेत घालण्यास आणले, आईबापांस तारीख सांगता आली नाही, मग गुरुजींनी जूनमध्ये सहा वर्षे भरतील अशा हिशेबाने १ जून लिहून टाकली, असा त्याचा इतिहास. त्या वेळी ती एक सोय होती. परंतु रजिस्टरातील ती नोंद पुढे दाखल्यावर उतरते, दाखल्यावरून शालान्त प्रमाणपत्रावर जाते, आणि अखेर मताचा अधिकार कोणत्या दिवशी मिळावयाचा हेही तीच ठरविते. जुन्या नियमाप्रमाणे १ जूनला अठरा वर्षे भरलेल्या मुलास नाव नोंदण्यासाठी पुढील जानेवारीपर्यंत सात महिने थांबावे लागे. आता जुलैची तारीख त्याच्या उपयोगी पडते. जन्मनोंदीचे प्रमाणपत्र मागून घेऊन खरी तारीख लिहिण्याचा आग्रह प्रवेशाच्या वेळी शिक्षकाने का धरावा, याचे हे एक कारण ध्यानात ठेवावे. रजिस्टरातील एका ओळीने माणूस बारा वर्षांनी कोठे अडेल, हे ती ओळ लिहिताना दिसत नसते.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्याकडे विशेष लक्ष पुरवावयास हवे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण एवढेच की त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको अशी नोंद करविली होती. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. वगळलेल्या नावांपैकी बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतील होती. परपुरुषापुढे नाव उच्चारू नये, अशी तिकडील पुष्कळ घरांची रीत होती. सेन यांचा निर्णय कठोर वाटला तरी योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण पुढच्या निवडणुकीपर्यंत या स्त्रियांनी आपापली नावे सांगितली, आणि नाव सांगणे हीच मताची पहिली पायरी होय.

आपल्याकडे आज अडचण निराळ्या तऱ्हेची आहे. मुलीचे लग्न होते. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते, आणि काही घरांत तर तिचे मूळ नावही बदलून नवे ठेवतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, आणि सासरी हाक मारावयाचे तिसरे, अशी स्थिती होते. माहेरच्या यादीत तिचे नाव तसेच राहते. सासरच्या यादीत ते घालावे असे कोणास सुचत नाही. मतदानाच्या दिवशी माहेरी जाणे होत नाही आणि सासरी नाव नाही. अशा वेळी नमुना ८ भरून नोंद माहेरहून सासरी हलवून घ्यावी. दोन्ही ठिकाणी नाव ठेवणे कायद्यास मान्य नाही, आणि अर्जात खोटे निवेदन करणे हा शिक्षेस पात्र असा अपराध आहे. ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. जागा राखीव असूनही, मत देणाऱ्या स्त्रियांची नावेच दुसऱ्या गावी पडून राहिली तर त्या राखीवपणास कितीसा अर्थ उरतो, याचा विचार पालकसभेत बोलताना अवश्य मांडावा. मुलांना पोचवावयास शाळेत येतात त्या बहुधा त्यांच्या आयाच असतात. फाटकाशी दोन मिनिटे विचारपूस केली तरी पुष्कळ नावे मार्गी लागतात.

कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांविषयीही गैरसमज आहेत. बीड जिल्ह्यातील व आसपासच्या तालुक्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कुटुंबासह पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या मुलांचे शाळेतील नाव टिकविण्याचा प्रश्न आपणा सर्वांस परिचित आहे. त्यांच्या आईबापांच्या मताचा प्रश्नही तसाच आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार हा त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी असावा असे म्हटले आहे. परंतु मनुष्य काही काळ घर सोडून गेला एवढ्यावरून तो रहिवासी राहिला नाही असे समजू नये, असेही त्याच कायद्यात स्पष्ट आहे. म्हणून घराला कुलूप दिसले एवढ्यावरून नाव कमी करावयाचे नसते. नाव कमी करण्यापूर्वी संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावयाची असते. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम करणाऱ्या शिक्षकाने हे विसरू नये. मात्र मत देण्यासाठी या कामगारांस स्वतः गावी यावे लागते, आणि निवडणूक हिवाळ्यात आली तर मजुरी बुडवून तेवढ्या लांबून कितीजण येऊ शकतील, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

आता प्रत्यक्ष मतदानाविषयी. विधानसभेच्या निवडणुकीत एका मतदाराचे एकच मत असते, आणि लोकांच्या अंगवळणी तेच पडलेले आहे. ग्रामपंचायतीत तसे नाही. पंचायतीचे सदस्य कमीत कमी ७ व जास्तीत जास्त १७ असतात, आणि गावाचे प्रभाग पाडून एकेका प्रभागातून बहुधा दोन वा तीन सदस्य निवडावयाचे असतात. जितक्या जागा तितकी मते, पण एका जागेस एकच. शिवाय सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत २०१७ साली सुरू झाली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. तेव्हा सरपंचपदाचे मत आणखी एक. तीन जागांच्या प्रभागात अशी चार मते द्यावी लागतात. जागा कोणत्या प्रवर्गासाठी आहे हे सहज ओळखता यावे म्हणून मतपत्रिकांस निरनिराळे रंग दिलेले असतात. एखादा मतदार, विशेषतः वृद्ध मनुष्य, सवयीने एक बटण दाबतो आणि काम झाले असे समजून बाहेर पडू लागतो. सर्व जागांची मते पुरी झाली म्हणजेच यंत्राचा लांब आवाज येतो, ही खूण सांगून ठेवावी. एखाद्या जागेसाठी कोणताच उमेदवार पसंत नसेल तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. ते दाबणे म्हणजे मत वाया घालविणे नव्हे, की कोणाचा अपमान करणेही नव्हे.

हे सारे तोंडी सांगून पटत नाही. करून दाखविले म्हणजे पटते. सातवी-आठवीच्या वर्गात पुढीलप्रमाणे पाठ घेता येईल. वर्गाचे दोन प्रभाग पाडावेत. प्रत्येक मुलास आपला प्रभाग कोणता हे यादी पाहून शोधावयास लावावे, आणि शिक्षकाने यादीत मुद्दाम दोनतीन चुका ठेवाव्यात: एकाचे नाव गाळावे, एकाचे आडनाव चुकवावे, एकास भलत्या प्रभागात घालावे. हरकतीसाठी एक दिवस द्यावा. ज्यांनी यादी पाहिलीच नाही त्यांचे नाव मतदानाच्या दिवशी निघणार नाही, आणि त्यांस खरोखरच मत देऊ देऊ नये. थोडे रुसवेफुगवे होतील, ते होऊ द्यावेत. मग तीन रंगांच्या कागदांच्या मतपत्रिका कराव्यात, पुठ्ठ्याचा आडोसा करावा, आणि वर्गाची स्वच्छता, ग्रंथपेटी व खेळाचे साहित्य अशा तीन कामांसाठी प्रतिनिधी निवडावेत. किती मुलांनी एकच कागद पेटीत टाकून दोन तसेच हाती ठेवले, हे मोजून फळ्यावर लिहावे. समान मते पडली तर चिठ्ठी टाकावी. पंचायतीच्या निवडणुकीतही असेच करतात, आणि महानगरातही तसेच. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांस अगदी सारखी मते पडून निकाल चिठ्ठीने लावावा लागला होता. हजारो मतदारांच्या प्रभागात जे घडले ते काही शे मतदारांच्या प्रभागात अशक्य नव्हे, हे मुलांस लगेच कळते. संध्याकाळी ती घरी जाऊन आजोबांस किती बटणे दाबावयाची हे आपण होऊन सांगतात. प्रौढांच्या व्याख्यानापेक्षा हा मार्ग अधिक खात्रीचा आहे.

केंद्रावर आल्यावर ओळखीसाठी मतदार ओळखपत्र दाखवावे. ते नसेल तर आयोगाने मान्य केलेल्या अन्य कागदांपैकी एखादा चालतो. परंतु ओळखपत्र हाती आहे आणि यादीत नाव नाही, अशा स्थितीत मत देता येत नाही, हे पुनःपुन्हा सांगावे लागते. अंध किंवा अपंग मतदारास सोबती घेता येतो. आपण येण्यापूर्वीच कोणी आपल्या नावाने मत देऊन गेला असे आढळल्यास मुकाट्याने परत फिरू नये; केंद्राध्यक्षांस आपली ओळख पटवून प्रदत्त मताची मागणी करावी. हा हक्क अस्तित्वात आहे हेच फार थोड्यांस ठाऊक असते. मतासाठी पैसा वा वस्तू देणारा जसा गुन्हेगार तसाच घेणाराही, हे पुष्कळांस ठाऊक असते, पण सोयीने विसरले जाते.

बिनविरोध निवडणुकीचे आपल्याकडे मोठे कौतुक होते, आणि भांडणे टळत असतील तर त्यात गैर काही नाही. मात्र बिनविरोध कशी झाली, हे पाहावयास हवे. देवळाच्या बांधकामासाठी जो अधिक रक्कम देईल त्यास सरपंचपद, असा लिलाव झाल्याचे आढळल्यावरून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. रक्कम चांगल्या कामास लागणार होती, हा बचाव अशा वेळी ऐकू येतो. पण बोली लावण्याइतका पैसा ज्याच्याजवळ नाही त्याचे मत त्या लिलावात कोणी विचारले होते?

शिक्षकाने या सर्वांत आपली मर्यादा सांभाळावयाची असते. जिल्हा परिषदेच्या सेवकांस १९६७ च्या वर्तणूक नियमांनी निवडणुकीच्या प्रचारात भाग घेण्यास मनाई आहे. मत देण्याचा हक्क शिक्षकास आहेच, पण ते कोणास देणार याची वाच्यता त्याने करावयाची नाही. म्हणून यादीविषयी माहिती सांगताना ती सर्व वस्त्यांवर सारखी सांगावी. गावठाणात सांगितली आणि तांड्यावर वा पाड्यावर सांगावयाची राहिली, तर हेतू शुद्ध असूनही पक्षपाताचा आळ येतो; आणि खरे पाहता ज्या वस्तीवर यादी पोचत नाही तेथेच नावे अधिक गळालेली असतात. बदली होऊन आलेल्या शिक्षकांनी आपले स्वतःचे नाव कोणत्या गावच्या यादीत आहे, हेही एकदा पाहून घ्यावे. इतरांच्या याद्या तपासणाऱ्यांची स्वतःची नावे दोन बदल्यांपूर्वीच्या गावी राहिल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

शेवटी ग्रामसभेविषयी एक गोष्ट. मतदारयादीचा उपयोग पाच वर्षांतून एकदाच होतो असे समजण्याचे कारण नाही. घटनेच्या व्याख्येप्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्व व्यक्तींची सभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट वा २ ऑक्टोबर या दिवशी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरते, तेव्हा शाळेची गळकी खोली, पाण्याची टाकी किंवा घरकुलाची यादी यांवर बोलण्याचा व हात वर करण्याचा अधिकार त्या यादीवरूनच येतो. येत्या ग्रामसभेच्या आधी पंधरा दिवस केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडून गावच्या यादीची प्रत मागून घ्यावी, ती शाळेच्या फलकावर लावावी, आणि वाचता न येणाऱ्यांस ती वाचून दाखविण्याचे काम आठवीच्या मुलांकडे द्यावे.